मदत हवी आहे: पाचवीचं क्षेत्रफळ, मुलगी ऐकत नाही

शहापूरची_आई: परवा चाचणी आहे. मुलगी 48 वर अडून बसलीय. दहादा सांगितलं चूक आहे म्हणून. कुणीतरी लवकर सांगा, कसं समजवू?

कडोलीकर: आकृती कुठली? 48 कशाचं?

गुरुजी_निवृत्त: सूत्र पाठ करून घ्या. लांबी गुणिले रुंदी. चाचणीत तेवढंच लागतं.

शहापूरची_आई: सूत्र पाठच आहे हो! 8 बाय 6 सेमीचा आयत, त्याचा एक कोपरा कापलाय, 3 बाय 2 चा. वहीत लिहिलंय, "दोन्हीचा काठ 28, म्हणून दोन्ही 48."

कडोलीकर: हे आधी सांगायचं की ताई! काठ मोजलाय तो बरोबरच आहे. कोपरा कापला तरी परिमिती 28च राहते. काठ तेवढाच म्हणजे आतली जागाही तेवढीच, असं बऱ्याच पोरांना वाटतं. सूत्र पाठ करून ते जात नाही.

खानापूर_शेती: शेतावर न्या. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर. आमच्या पोरांना असंच आलं.

कडोलीकर: अहो, तिला गुंठा विचारलाय कुणी?

निपाणी_77: इंग्रजी माध्यमात घातलं असतं तर ही वेळ आली नसती.

गुरुजी_निवृत्त: माध्यमाचा काय संबंध? मराठी शाळेतली पोरं गणितात कुठं कमी पडत नाहीत बघा.

कडोलीकर: ताई, 28 सेमी दोरा घ्या, टोकं बांधा. चौकटीच्या वहीवर, एक सेमीची घरं असलेल्या, 7 बाय 7 लावायला सांगा. मग 10 बाय 4. मग 13 बाय 1. दर वेळी आतली घरं तिलाच मोजू द्या, ओळीनं. 49, 40, 13 येतात. तुम्ही मध्ये बोलू नका.

गुरुजी_निवृत्त: चाचणीत दोरा देणार आहेत काय?

कडोलीकर: नाही. पण काठ आणि जागा वेगळी कळल्याशिवाय सूत्र कुठं लावायचं ते तिला कळणार नाही, गुरुजी.

शहापूरची_आई: केलं. 13 बाय 1 ला गप्प बसली, घरं दोनदा मोजली. मग आपणच 48 खोडलं. आता विचारतेय, 48 मधून 6 वजा करू की आकृती तोडून 32 अधिक 10 करू?

कडोलीकर: दोन्हीनं 42च येतं. दोन्ही करू द्या. चाचणीत तिला जमेल ते लिहील.

खानापूर_शेती: गुंठ्याचं पण सांगा तिला, पुढं लागतंय.