एकाच जागेचे वर्षभर फोटो: पद्धत सांगा, कुणाचं काम पाहू?

रानवाट:
नोकरी सोडून भोर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलेय. शेतातल्या विहिरीजवळ उंबराखाली बसलेल्या आजोबांचा एक जुना कृष्णधवल फोटो घरात आहे. आजोबा गेले, विहीर बुजत चाललीय, उंबर मात्र आहे. या जागेचे वर्षभर फोटो काढायचेत. नुसतं 'तेव्हा आणि आता' नकोय. रान बदलतंय तशी इथं राहून मीही बदलतेय, ते त्यात उतरायला हवं. साधा डीएसएलआर आणि ५० एमएम लेन्स आहे.

ओंजळ:
आधी जुना फोटो जिथून काढला ती जागा शोधा. प्रिंट हातात धरा आणि जवळची एक खूण (विहिरीचा काठ) व लांबची एक (डोंगराची सोंड) फोटोत एकमेकींच्या कुठे येतात ते पाहा. तशाच जुळेपर्यंत डावी-उजवीकडे, मागे-पुढे सरका. जुळल्या की तिथे खुंटी ठोका. चुकीच्या जागेवरून कुठलीही लेन्स लावली तरी हे जुळत नाही.
निकोलस निक्सन जरूर पाहा. या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५ पासून दरवर्षी बायको आणि तिच्या तीन बहिणींचा एक फोटो काढला, चौघी कायम त्याच क्रमाने उभ्या. चाळीसहून जास्त वर्षं! मांडणी हलत नाही म्हणून चेहऱ्यांवरचा काळ दिसतो. तुम्हीही दर ऋतूत टायमर लावून त्या उंबराखाली बसाच.

पाणकावळा:
मला मात्र तीच चौकट धरून बसणं पटत नाही. जपानी छायाचित्रकार मासाहिसा फुकासेचे कावळ्यांचे फोटो पाहा. संसार मोडला त्या काळात तो उत्तर जपानमधल्या होक्काइदो बेटाकडे, जन्मभूमीकडे निघाला, वाटेत कावळे टिपू लागला आणि पुढे काही वर्षं तेच करत राहिला. त्या काळ्या पंखांमध्ये त्याचं एकटेपण आहे. खुंटीवरून काढाच, पण मन ओढेल तिकडेही कॅमेरा वळवा.

काळोखखोली:
जोडीला सोलारग्राफ करा. पत्र्याच्या डब्याला सुईच्या टोकाने बारीक भोक पाडा, अंधारात आत भोकासमोरच्या बाजूला कृष्णधवल फोटोचा कागद बसवा, भोक मात्र त्याने झाकू देऊ नका आणि डबा महिनोन्‌महिने बांधून ठेवा. सूर्याची रोजची वाट रेषेसारखी उमटते, ढग आले की तुटते. डेव्हलपर, फिक्सर ही फोटो धुण्याची रसायनं काही लागत नाहीत. कागद अंधारात काढून थेट स्कॅन करायचा आणि संगणकावर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करायचं. स्कॅनरच्या उजेडाने तो काळवंडतो, म्हणून पहिलाच स्कॅन उत्तम हवा.
परदेशी माहितीत डबा दक्षिणेकडे लावायला सांगतात. आपल्याकडे मेच्या मध्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारच्या रेषा चौकटीबाहेर जातात. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करा. २२ डिसेंबरच्या सुमारास लावा, पावसाआधी उतरवा.

रानवाट:
विहिरीच्या पश्चिम कठड्यावरून उंबर बरोबर पूर्वेला येतो, डबा तिथेच बांधते. कागद कुठे मिळेल?

काळोखखोली:
मुदत संपलेलाही चालतो. तालुक्याच्या जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारा, एखाद्याकडे पाकीट पडून असेल. फक्त ते उजेडात उघडलेलं नसावं.