पाठीमागे खिडकी, समोर लॅपटॉप: चकाकी न मारणारा कोणता घ्यावा?

कानामात्रा
मंडळी, सहा वर्षांच्या लॅपटॉपची बिजागरी गेली. दुरुस्तीचा आकडा ऐकून नवाच घ्यायचं ठरवलंय.

मी घरून मुद्रितशोधन करते. सात-आठ तास अक्षरांकडे बघायचं, अनुस्वार आहे की धुळीचा कण ते ओळखायचं. मुलुंडचं वन बीएचके, टेबलाला एकच जागा आणि पाठीमागे पश्चिमेची खिडकी. दुपारी तीननंतर स्क्रीनवर मजकुराऐवजी समोरच्या बिल्डिंगमधल्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. पडदा ओढला की अंधार, मग ट्यूबलाइट, मग ट्यूबलाइटचंच प्रतिबिंब. जुना टचस्क्रीन होता, हौसेने घेतलेला. टच वर्षातून चारदा वापरला असेल.

बजेट साठ हजार, ताणून सत्तर. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. दुकानदार ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) स्क्रीनच घ्या म्हणून मागे लागलाय. घेऊ का?

खटपट्या
नको. रंग झकास असतात, पण बहुतेक ओएलईडी चकचकीत काचेचे. तुमच्या चादरी अजूनच रंगीत दिसतील! टचवाल्यांचंही बहुधा तेच. साधा मॅट, म्हणजे न चकाकणारा आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) बघा.

पण नुसतं ‘अँटी-ग्लेअर’ वाचून भुलू नका. मॅट थर प्रकाश गिळत नाही, विखुरतो. चादरीचा आकार जातो, तिच्या जागी पांढुरकं धुकं राहतं. त्या धुक्यातून अक्षर वर यायला स्क्रीनचा स्वतःचा उजेड हवा, तो निट्समध्ये मोजतात. स्वस्त लॅपटॉप २५० निट्सचे असतात, पाठीमागे खिडकी असेल तर तेवढ्यात भागणार नाही. किमान ३००, मिळाले तर ४००.

आणखी एक गोम. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वेगवेगळे पॅनल, म्हणजे स्क्रीन येतात. थिंकपॅड टी१४ घ्या, त्यात ३०० निट्सवालाही मिळतो आणि ४००वालाही. त्यामुळे खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर जुळवूनच पैसे द्या.

गिरगावकर
+१. दुकानात लॅपटॉप बंद असतानाच आधी बघायचा. काळ्या स्क्रीनवर छतावरच्या दिव्याची कडा रेखीव दिसली तर चकचकीत, नुसता पसरट डाग दिसला तर मॅट. मग चालू करून दाराशी न्यायचा आणि उजेडाकडे पाठ करून उभं राहायचं. सेल्समन तोंड वाकडं करेल, करू दे.

तुमचीच एखादी बारीक टायपातली मराठी पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या. काही मॅट स्क्रीनवर पांढरा भाग रवाळ दिसतो, साखर सांडल्यासारखा. सिनेमा बघताना तो खटकत नाही, तुम्हाला मात्र पहिल्याच पानावर खटकेल.

सफरचंद_प्रेमी
मॅकबुक एअर का नाही? एम२ चिपवाल्यापासून ५०० निट्स आहेत.

खटपट्या
उजेड भरपूर, पण काच चकचकीतच. नॅनो-टेक्स्चरचा, म्हणजे ॲपलच्या मॅट काचेचा पर्याय मॅकबुक प्रोला २०२४ मध्ये आला, त्याच्या किमतीत ताईंचं बजेट दोनदा बसेल.

डोंबिवली_फास्ट
माझा अनुभव: जुन्यावरच मॅट फिल्म चिकटवली होती. प्रतिबिंब गेलं, पण अक्षरांची धारही गेली. शिवाय एका कोपऱ्यात बुडबुडा राहिला तो राहिलाच.

आणि डार्क मोड लावत असाल तर दिवसा काढा. काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंब जास्त उठून दिसतं.

माईआज्जी
अगं, टेबलच का फिरवत नाहीस? खिडकी बाजूला आली पाहिजे, पाठीशी नको आणि तोंडासमोरही नको. लॅपटॉप नंतर घे.

कानामात्रा
माई, फिरवलं तर फ्रिजचं दार उघडत नाही. मोजून बघितलंय.

माईआज्जी
मग घे बाई लॅपटॉप.

कानामात्रा
अपडेट. शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेले. दोन दुकानांनी लॅपटॉप दाराशी न्यायला चक्क नकार दिला, तिसऱ्याने स्वतः उचलून फुटपाथपर्यंत आणला. ३०० आणि ४०० निट्सचे शेजारी शेजारी ठेवून माझीच पीडीएफ उघडली. सावलीत फरक कळत नव्हता, उन्हाकडे पाठ केल्यावर ३००वाल्यावर रफार शोधावे लागले. ४००चा मॅट आयपीएस घेतला, चौदा इंची, सोळा जीबी रॅम. सहासष्ट हजार गेले.

आज साडेतीनला मुद्दाम काम काढून बसले. चादरी आहेत, पण नुसता पांढरट पुसटपणा. ब्राइटनेस शंभरावर ठेवावा लागतो, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. चार्जर लावूनच बसते. साडेपाचला मात्र सूर्य खिडकीत उतरतो आणि तिरीप थेट स्क्रीनवर येते. तेव्हा मी चहा टाकते.

गिरगावकर
अभिनंदन! काच पुसायचा स्प्रे त्या स्क्रीनवर मारू नका, मॅट थर खराब होतो. मऊ कापड किंचित ओलं करून पुसा. आणि जुना भंगारात देण्याआधी त्यातली एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) काढून घ्या.