सल्ला हवा: लंडनमध्ये ‘द लायन किंग’ रंगमंचावर बघावं का?

गवतीचहा

मे महिन्यात आम्ही चौघं लंडनला जातोय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे एकच सांगतात, की काहीही करा पण ‘लायन किंग’ चुकवू नका. लायसियम थिएटरची तिकिटं बघितली. बऱ्यापैकी जागा घ्यायच्या तर चौघांचे मिळून 35-40 हजार रुपये सहज होतात. एवढ्या पैशांत शिवाजी मंदिर आणि यशवंतला वर्षभर नाटकं बघून होतील.

लेकीने डिस्नेच्या मूळ ॲनिमेशन सिनेमाची पारायणं केली आहेत, संवाद तोंडपाठ आहेत, आणि माझी शंका तिथेच आहे. ॲनिमेशनमध्ये दरीतून रानजनावरांचा लोंढा येतो तेव्हा अंगावर काटा येतो. तेच स्टेजवर माणसं मुखवटे लावून करणार, तर शाळेच्या गॅदरिंगसारखं दिसणार नाही ना?

दुसरा प्रश्न साबांचा, म्हणजे सासूबाईंचा. त्यांना इंग्रजी येत नाही, पण नाटकाचं वेड प्रचंड. गिरगावात वाढल्या, साहित्य संघात संगीत नाटकं बघत मोठ्या झाल्या. गुडघे दुखतात, त्यामुळे जिने फार नकोत. अडीच तास त्यांना बसवेल का?

ज्यांनी बघितलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा. ‘नका जाऊ’ म्हणालात तरी चालेल.

सागरगोटा

बिनधास्त तिकिटं काढा. नोकरीनिमित्त तिकडे होते तेव्हा बघितलं, आणि पहिल्या गाण्यातच पैसे वसूल झाले. प्रेक्षकांमधल्या वाटेवरून प्राणी स्टेजकडे चालत जातात, त्यात चार जणांनी आतून चालवलेला हत्ती असतो. लेकीला वाटेच्या कडेची खुर्ची द्या आणि सुरुवातीला मागे वळून बघायला सांगा.

आडवाटा

मी थोडं उलटं बोलतो. दृश्यं अफाट आहेत, वाद नाही. पण मूळ सिनेमा दीड तासाच्याही आत संपतो आणि नाटक मध्यंतर धरून अडीच तासांचं आहे. वाढलेला बराचसा वेळ नव्या गाण्यांना दिलाय, आणि ती सगळीच काही मूळ गाण्यांच्या तोडीची नाहीत. राजा झालेल्या दुष्ट काकाला, स्कारला, वेड लागतं त्याचं एक आख्खं गाणं आहे, तेव्हा माझा मुलगा खुर्चीत चुळबुळ करत होता. टिमोन आणि पुम्बा या गमत्या जोडीचे विनोदही बरेचसे शब्दांवर चालतात. इंग्रजी न समजणाऱ्या माणसाला तिथे नुसतं बसून राहावं लागेल.

बजेट ताणून जाणार असाल तर मी नाही म्हणेन. लंडनमध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियम फुकट आहे, आठ वर्षांच्या मुलीला तिथे दिवस पुरणार नाही.

तिसरी घंटा

गवतीचहा, मी इथे व्यावसायिक नाटकांची प्रकाशयोजना करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमची गॅदरिंगची भीती अगदी रास्त आहे. ॲनिमेशनपट रंगमंचावर आणायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे सिनेमा जसा दिसला तसाच दाखवायची धडपड करायची. त्यात रंगमंच नेहमी हरतो, कारण चित्रातल्या सिंहाला गुरुत्वाकर्षण नसतं आणि नटाला असतं. दुसरा मार्ग म्हणजे सिनेमा बाजूला ठेवायचा आणि फक्त रंगमंचालाच जमेल तेवढं करायचं. ज्युली टेमर या दिग्दर्शिकेने दुसरा मार्ग धरला. सिनेमा 1994 चा, नाटक न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर 13 नोव्हेंबर 1997 ला आलं, आणि पुढच्या वर्षी तिला त्यासाठी टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळाला. संगीतिकेच्या दिग्दर्शनासाठी टोनी मिळवणारी ती पहिली स्त्री. लंडनला लायसियममध्ये ते ऑक्टोबर 1999 पासून चालू आहे.

तिने केलं काय, तर लपवणं सोडून दिलं. सिंहराजा मुफासाचा मुखवटा नटाच्या तोंडावर नसतो, डोक्याच्या वर असतो. त्यामुळे माणसाचा चेहरा आणि सिंहाचा चेहरा दोन्ही एकाच वेळी दिसतात. नट ताठ उभा असेपर्यंत तो राजा असतो. राग आला, अंग पुढे झुकलं, की मुखवटा चेहऱ्यासमोर येतो आणि समोर जनावर उभं राहतं. झाझू हा पक्षी नटाच्या हातात असतो आणि नट पूर्णपणे दिसत असतो. चित्ता बघाल तेव्हा नीट लक्ष द्या. नर्तिकेचं शरीर चित्त्याच्या मधोमध असतं, पुढचे पाय तिच्या हातांनी चालतात, आणि चित्त्याचं डोकं तिच्या डोक्याला जोडलेलं असतं. तिने मान वळवली की चित्ता मान वळवतो. जिराफ म्हणजे हातापायांना उंच काठ्या बांधून चार पायांवर चालणारा माणूस.

आपल्याला हे नवं वाटायचं कारणच नाही. रामदास पाध्ये शेजारी बसलेले दिसत असतात, तरी आपण अर्धवटरावाकडेच बघतो आणि त्याच्याच बोलण्यावर हसतो. इथेही पाचव्या मिनिटाला डोळा आपोआप ठरवतो कुणाकडे बघायचं ते. या नाटकात छायाबाहुल्याही आहेत, आणि ज्याने कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघितलाय त्याला ते घरचंच वाटेल. टेमर तरुणपणी जपान आणि इंडोनेशियात राहून बाहुल्यांचं आणि मुखवट्यांचं काम शिकली होती, आणि टिमोनची बाहुली बुनराकू या जपानी बाहुलीनाट्याच्या वळणाने चालते, नट तिच्या पाठीशी उभा राहून.

आता तुमचा रानजनावरांचा लोंढा. रंगमंचाच्या अगदी मागे दरीच्या फटीत छोटी छोटी जनावरं रुळांवर फिरताना दिसतात. त्यांच्या पुढच्या रांगेत थोडी मोठी, त्यापुढे अजून मोठी, आणि शेवटी हातात भलेमोठे मुखवटे घेतलेले नर्तक थेट तुमच्या अंगावर येतात. बस, एवढंच. कॅमेरा नाही, पडद्यावर व्हिडिओ नाही, फक्त लहानमोठ्या आकारांचा मेळ. मुफासा गेल्यावर सिंहिणी रडतात तेव्हा त्यांच्या मुखवट्यांच्या डोळ्यांतून पांढऱ्या फिती ओढल्या जातात, त्याच त्यांच्या आसवांच्या धारा. दुष्काळात तळं आटतं ते म्हणजे जमिनीवर पसरलेलं कापड, मधल्या भोकातून हळूहळू खाली खेचलं जातं. इतक्या वर्षांच्या कामात एवढ्या थोड्या सामानात एवढं मोठं काही उभं राहिलेलं मी क्वचितच बघितलंय. या दोन-तीन क्षणांसाठी मी पुन्हा पैसे मोजीन.

सासूबाईंबद्दल. पहिलं गाणं सुरू होतं ते झुलू या आफ्रिकन भाषेत. शेजारी बसलेल्या इंग्रज बाईलाही त्यातलं अक्षर कळत नाही, सगळे एकाच पातळीवर असतात. रफिकी या शहाण्या वानराची भूमिका नाटकात बाईला दिली आहे, आणि ती झुलूसारख्या आफ्रिकन भाषांमध्ये गाते, बोलते. दक्षिण आफ्रिकेचे संगीतकार लेबो एम यांनी बांधलेली समूहगाणी आहेत, रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या बॉक्समध्ये तालवादक समोर बसून वाजवतात. संगीत नाटकावर कान तयार झालेल्या माणसाला तिथे शब्द लागत नाहीत. आणि गोष्ट काय, शुद्ध भाऊबंदकी. धाकट्या भावाने थोरल्याला मारलं, गादी घेतली, पुतण्याला हाकललं. हे त्यांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आडवाटा, मध्यंतरानंतर गती कमी होते हे मला मान्य आहे, आणि स्कारचं ते गाणं मलाही लांबतं. पण त्याच उत्तरार्धात छाव्याची, म्हणजे सिम्बाची, मैत्रीण नाला सिंहिणींच्या सोबतीत घर सोडते तो प्रसंग आहे, आणि सिनेमात नसलेला हा भाग माझ्या मते गायनाच्या दृष्टीने सगळ्यात उत्तम आहे.

गिरगावकर

इथला अनुभव सांगतो, जागा निवडायला उपयोगी पडेल. डिस्नेच्या ॲनिमेशनपटांवरची दोन मोठी नाटकं मुंबईत झाली. 2015 मध्ये ‘ब्युटी अँड द बीस्ट’ वरळीला एनएससीआयच्या डोममध्ये, आणि 2018 मध्ये ‘अलादीन’ एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये. दोन्ही इथल्या कलाकारांनी केली. डोम म्हणजे मुळात इनडोअर स्टेडियम. भव्यता भरपूर होती, पण मी लांब बसलो होतो आणि चेहरे पोचतच नव्हते, मग शेवटी मोठ्या पडद्यावर बघितल्यासारखंच झालं. जमशेद भाभा हजार-अकराशे खुर्च्यांचं खरंखुरं नाट्यगृह. तिथे नटाचा श्वास ऐकू येतो, आणि ‘अलादीन’चा दिवा कामाला आला तो तिथे.

तेव्हा लायसियममध्ये सगळ्यात वरच्या ग्रँड सर्कलला स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून जाऊ नका. चढ अंगावर येणारा आहे, जिने खूप, आणि वाटेवरून येणारे प्राणी तिथून दिसत नाहीत. खालच्या स्टॉल्समध्ये वाटेजवळ बसा. पैसे कमी करायचे तर दिवस बदला, मजला बदलू नका.

गवतीचहा

तिसरी घंटा, वाचता वाचता मनातल्या मनात तिकिटं काढून झाली! साबांना भाऊबंदकीचा भाग वाचून दाखवला, त्यांनी लगेच विचारलं, ‘मग काकाचं काम कोण करतंय?’

आता दोन शंका. मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अंबानी कल्चरल सेंटरमध्ये आताशा मोठमोठे परदेशी खेळ येतात. तिथे हे येईल म्हणून थांबण्यात अर्थ आहे का? आणि मुफासाच्या मरणाचा प्रसंग लेक सिनेमातही बघत नाही, सोफ्यामागे जाऊन बसते. समोर जिवंत माणसं बघून घाबरली तर?

तिसरी घंटा

बीकेसीचं ग्रँड थिएटर 2000 खुर्च्यांचं आहे आणि सोयी उत्तम आहेत. 2023 मध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि 2025 मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ तिथे झालं. पण तुम्ही लंडनला जाताच आहात, तर आशेवर थांबू नका. दौऱ्यावर फिरणाऱ्या खेळाचं नेपथ्य ट्रकमध्ये आणि जहाजात मावेल असं करावं लागतं. मूळ मांडणीत सिंहराजा ज्यावर उभा राहतो तो खडक रंगमंचाच्या पोटातून गोल फिरत वर येतो. दौऱ्यावर असं यंत्र दर गावी जमिनीत बसवता येत नाही, त्यामुळे खडक विंगेतून ढकलत आणतात. आपल्याकडेही मुंबईतला सेट आणि कोकण दौऱ्यातला सेट यांत फरक पडतोच.

लेकीचं म्हणाल, तर थिएटरवाले सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना आणा असं सुचवतात, तिनाच्या आतल्यांना आत सोडत नाहीत. ती आठची आहे, वयाची अडचण नाही. तरी तो प्रसंग आवाजाने मोठा आहे, ढोल छातीत वाजतात. तिला आधी सांगून ठेवा की जनावरं चालवणारी माणसं तुला दिसणार आहेत, ती शोधायची. मुलं एकदा ‘हे कसं केलंय’ शोधायला लागली की भीती मागे पडते. नाही जमलं तर तिला सांगा की मांडीत तोंड लपवलं तरी चालतं. तो भाग फार लांबत नाही.

आडवाटा

साबा येणार असतील तर माझा एक सल्ला घ्याच. निघण्याआधी त्यांना 2019 चा सिनेमा हिंदीतून दाखवा. मुफासाला शाहरुखचा आवाज आहे आणि सिम्बाला त्याच्या मुलाचा. गोष्ट आणि नावं डोक्यात बसली की संवाद निसटले तरी काही अडत नाही. आणि दुपारचा खेळ घ्या. लांबच्या प्रवासानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी रात्रीचा खेळ मुळीच नको. तिथली संध्याकाळ म्हणजे आपल्या शरीराची मध्यरात्र, त्यात मुलंही पेंगतात आणि मोठेही. माझ्या मुलाची चुळबुळ झाली त्यामागे हेही कारण असणार.

सागरगोटा

गुडघ्यांसाठी: कॉव्हेंट गार्डन स्टेशन थिएटरला सगळ्यात जवळ, पण तिथे लिफ्टला गर्दी झाली की लोक गोल जिन्याकडे वळतात. तो जिना 193 पायऱ्यांचा आहे, चुकूनही घेऊ नका. स्ट्रँडवरून जाणारी बस घ्या, अगदी जवळ उतरता येतं. बुकिंग करतानाच थिएटरला ईमेल टाकून लिहा की ज्येष्ठ नागरिक बरोबर आहेत, कमीत कमी पायऱ्यांच्या जागा हव्यात.

लेस्टर स्क्वेअरला सवलतीच्या तिकिटांची खिडकी आहे, पण चौघांना एकत्र बसायचं असेल आणि मे महिना असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. थिएटरच्या अधिकृत साइटवर पुढच्या-मागच्या तारखा टाकून बघा. एकाच खुर्चीचा दर बुधवारी दुपारी वेगळा आणि शनिवारी वेगळा दिसतो.