उणे तापमान आणि रस्त्यावरचं मीठ: गाडी धुवायची की थंडी सरेपर्यंत तशीच ठेवायची?

कुडकुडे

रात्री उणे १२ ते उणे ८, दुपारी एखाद्या दिवशी शून्याच्या वर दोन-तीन अंश. रस्त्यावर मीठ पडतंच, बर्फ येणार असला की आदल्या दिवशी खाऱ्या पाण्याचा फवाराही मारतात. गाडी पेट्रोल, तीन वर्षांची, उघड्यावर उभी असते. घराबाहेरचा नळ थंडीभर बंद, त्यामुळे पाइप लावून धुणं शक्य नाही. सेल्फ-सर्व्हिस धुलाई केंद्र गाडीने दहा मिनिटांवर आहे.

किती तापमानापर्यंत धुतलेलं चालतं? बादलीने घरीच काही करता येतं का? धुतल्यावर दारं गोठून बसतात, त्यावर उपाय काय? आणि खालून काळं रबरी कोटिंग मारून घ्यावं की नको, यावर प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

लोखंडी_पाना

हवेचं तापमान बघून ठरवू नका, पत्र्याचं बघा. रात्रभर उणे १२ मध्ये उभी असलेली गाडी सकाळी दहाला, हवा अधिक २ दाखवत असली तरी, आतून थंडगारच असते. साधी परीक्षा: कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने सावलीतल्या दाराचा खालचा भाग एकदा पुसा. मिनिटभरात त्या पट्ट्यावर दुधाळ पापुद्रा धरला तर त्या दिवशी धुणं सोडा. नुसतं ओलं राहिलं तर चालेल. अंदाजासाठी आकडाच हवा असेल तर हवा ४-५ अंशांवर गेलेली, वेळ दुपारी बाराच्या पुढची, आणि सूर्यास्ताला निदान तीन तास बाकी. तुमच्याकडे असा दिवस क्वचितच येणार, म्हणून अधिक २-३ ची दुपार मिळाली तरी सोडू नका. पण मग केंद्रावर गाडी थोडी चालवून, गरम करूनच न्या.

आता मिठाचं. पांढरा कोरडा थर दिसायला घाण दिसतो, पण गंजाला ओल लागते. साधं मीठ हवेत साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की स्वतःहून पाणी ओढून घेतं. फवाऱ्यात मॅग्नेशियम क्लोराइड असेल तर ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं, म्हणजे जवळजवळ कधी वाळतच नाही. त्यात तापमान वाढलं की गंज वेगाने धरतो. म्हणून कडाक्याच्या आठवड्यात गाडी मळकी राहिली तर फार बिघडत नाही. बर्फ वितळायला लागलं त्या पहिल्या दिवशी मात्र धुवायलाच हवी. याच कारणाने मिठाने माखलेली गाडी रोज रात्री ऊबदार गॅरेजमध्ये लावणं हे उघड्यावर लावण्यापेक्षा वाईट. तुमची गाडी बाहेर असते याचं वाईट वाटून घेऊ नका.

केंद्रावर पैसे आणि वेळ यातला अर्धा वाटा गाडीच्या खालच्या भागाला द्या. क्रम असा:

१. आधी चारही व्हील आर्च, म्हणजे चाकांवरच्या कमानी. आर्चच्या कडेला आतून एक दुमड असते, तिथे चिखल आणि मीठ मिळून ओला लगदा बसतो. नोझल खालून वर, आतल्या बाजूला वळवून मारा. बाहेरून कितीही मारलं तरी तो निघत नाही.

२. मग दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालची पत्र्याची लांब, पोकळ पट्टी) खालून, मागच्या बंपरची आतली बाजू, मागच्या सस्पेन्शनचे हात, ब्रेकच्या नळ्या जिथून जातात ती रेघ. खालचं पाणी स्वच्छ गळायला लागेपर्यंत.

३. नंतर वरची बॉडी. नोझल ३० सेंमी लांब, सपाट पंख्यासारखी धार. दारांच्या फटीत, रेडिएटरच्या जाळीवर आणि वायरिंगच्या जोडांवर जवळून सरळ धार नको.

ब्रश लटकत असेल तर त्याला हात लावू नका. आधीच्या दहा गाड्यांची खडी त्याच्या केसांत असते. ऑटोमॅटिक बोगद्यात गेलात तर बिनब्रशचा घ्या, खालच्या फवाऱ्याचा पर्याय असलेला. पावसावर आपोआप चालू होणारे वायपर असतील तर आत शिरायच्या आधी बंद करा. काही ठिकाणी खालच्या फवाऱ्याला पुन्हा गाळून वापरलेलं पाणी असतं, ते खारट असू शकतं. शेवटची धार ताज्या पाण्याची आहे का, एकदा विचारून घ्या.

धुऊन झालं की लगेच घरी नेऊन उभी करू नका. १०-१५ मिनिटं चालवा, मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक आठ-दहा वेळा दाबा म्हणजे डिस्क आणि पॅड वाळतील. त्या रात्री हँडब्रेक ओढू नका. सपाट जागी मॅन्युअल असेल तर पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, चाकाखाली ठोकळा. ओल्या पॅडवर हँडब्रेक लावला आणि रात्री गोठलं तर सकाळी मागचं चाक फिरतच नाही. मग लोक जोर लावतात आणि पॅडचं अस्तर सुटून येतं.

मेणबत्तीवाला

पाना यांनी खालचं सगळं सांगितलंय, मी वरचं घेतो. बादलीने होतं, पण शॅम्पूच्या बादलीने नाही. रिन्सलेस वॉश वापरा, म्हणजे धुतल्यावर पाणी ओतावं लागत नाही. बहुतेकांचं प्रमाण १:२५६ असतं, म्हणजे ८ लिटर पाण्याला साधारण ३० मिली. बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. जास्त घातलं की चिकट रेघा राहतात. पाणी ३५-४० अंश, हाताला कोमट लागेल इतकंच.

आठ-दहा मायक्रोफायबर बादलीत भिजवून ठेवा. त्याच पाण्याची एक फवारा बाटली भरून, एका वेळी एकच दार किंवा बॉनेटचा अर्धा भाग ओला करा, मिनिटभर मुरू द्या. फडक्याच्या चार घड्या घालून एका दिशेने, न दाबता एकदाच ओढा, घडी उलटा, पुढचा पट्टा. लगेच कोरड्या फडक्याने टिपा, मगच पुढचा भाग. वापरलेलं फडकं परत बादलीत जाऊ देऊ नका. छतापासून सुरुवात, सिल शेवटी, आणि सिलचं फडकं त्यानंतर रंगाला लावायचं नाही.

हे धुळीच्या आणि मिठाच्या पातळ थरासाठी. दारांच्या खालच्या अर्ध्यावर खडीमिश्रित चिखल वाळलेला असेल तर आधी केंद्रावर प्रेशरने उडवा. नाहीतर सँडपेपर फिरवल्यासारखं होईल. आणि हे सुद्धा पत्रा शून्याखाली असताना नाही, फडकं चिकटतं.

वॅक्सबद्दल: सीलंट, म्हणजे रंगावरचा वॅक्ससारखा संरक्षक थर, थंडी सुरू व्हायच्या आधी, हवा १० अंशांच्या वर असताना लावायचा. गोठलेल्या पत्र्यावर तो धरत नाही, नुसता फासला जातो. आत्ता उशीर झालाय, तेव्हा मधल्या ऊबदार दिवशी गाडी धुऊन, नीट सुकवून स्प्रे सीलंटचा एक हात, तेवढं पुरे. सिरॅमिक कोटिंगवर पैसे घालायचे असतील तर ते रंगासाठी आहे हे लक्षात ठेवा. गाडी खालून गंजते, तिथे ते नसतंच.

रंगाचे ओरखडे थंडीत बहुतेक वेळा धुताना पडत नाहीत, बर्फ झाडताना पडतात. फोमच्या डोक्याचा ब्रश घ्या, वरचा बर्फ ढकला, शेवटचा सेंटीमीटरभर थर तसाच राहू द्या. काचेची खरवडणी फक्त काचेवर.

कुडकुडे

आभार दोघांचे. फवाऱ्यात काय असतं ते ठाऊक नाही, पण रस्ता दिवसभर ओलसर राहतो, म्हणजे मॅग्नेशियमवालंच असावं. दारांचं आणि कोटिंगचं राहिलं. आणि काचेवर बर्फ असेल तर किटलीतलं पाणी टाकतात काही लोक, त्याचं काय?

दुसरा_गिअर

किटली घरातच राहू द्या. उणे १० च्या काचेवर उकळतं पाणी पडलं की बाहेरचा पृष्ठभाग एकदम फुगतो, आतला थंडच राहतो. काचेला खडीचा एखादा टवका आधीच उडालेला असला तर तिथून चीर धावते. वर ते पाणी वायपरच्या खाचेत जाऊन पुन्हा गोठतं. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग, पाणी एक भाग, फवारा बाटलीत भरून ठेवा. पातळ बर्फ मिनिटभरात सुटतो. रंगावर आणि रबरांवर उगाच मारत बसू नका.

दारं गोठतात ती बहुधा रबर आणि पत्रा यांच्यामधल्या पाण्यामुळे. धुतल्यावर चारही दारं, डिकी आणि पेट्रोलचं झाकण उघडा, रबर आणि त्याच्यासमोरची चौकट दोन्ही पुसा. खालच्या कडेचं रबर बोटाने दाबून बघा, आतल्या पोकळीतून पाणी पिचकतं. ते निघेपर्यंत टिपा. मग फडक्यावर सिलिकॉन ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे घेऊन पातळ हात फिरवा. थंडीभरात तीन-चार वेळा. इंजिन ऑइल, पेट्रोलियम जेली, गंज सोडवायचे स्प्रे यातलं काहीही नको. दारांची रबरं साधारणपणे ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात, खनिज तेलाने ती फुगतात आणि ढिली पडतात.

तरी चिकटलंच तर हँडल ओढू नका, आधी दार बाहेरून तळहाताने आत दाबा, म्हणजे बर्फ तडकतो. चावीच्या भोकात धुतल्यानंतर लॉक डी-आयसरचा एक फवारा, मग चावी दोन-तीनदा फिरवा. कुलूप गोठल्यावर मारण्यापेक्षा आधी मारलेला बरा.

काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी उरलं असेल तर ते आधी संपवा, उणे २० किंवा त्याखालचं द्रव भरा, आणि नवं द्रव नोझलमधून बाहेर येईपर्यंत पंप चालवा. टाकीत द्रव बदललं, पण नळीत पाणीच राहिलं, हा प्रकार फार होतो.

लोखंडी_पाना

कोटिंगवर माझं मत स्पष्ट आहे: तीन थंड्या मिठात काढलेल्या गाडीवर काळं रबरी कोटिंग नको. ते वाळून कडक होतं, खडीने चीर पडते, मग त्या चिरेतून खारं पाणी आत जाऊन अडकतं. वरून काळं छान दिसतं आणि खाली पापुद्रे सुटत असतात. त्यापेक्षा लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ) किंवा मेणाच्या आधाराचं, ओलसर राहणारं आणि सांध्यांत झिरपणारं द्रव घ्या. दरवर्षी थंडीआधी पुन्हा मारावं लागतं, हाच काय तो त्रास. सिल आणि दारांच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं मेण.

मेणबत्तीवाला

इथे थोडं असहमत. कोऱ्या गाडीवर, पत्रा स्वच्छ आणि कोरडा असताना, नीट मारलेलं रबरी कोटिंग व्हील आर्चमध्ये खडीचा मार चांगला झेलतो. जुन्या गाडीसाठी मात्र पाना म्हणतात तेच.

लोखंडी_पाना

आर्चपुरतं मान्य. कुडकुडे, काम कोणाकडूनही करून घ्या, पण तीन गोष्टी आधी बजावून सांगा. ब्रेक डिस्क, सायलेन्सर आणि सेन्सरचे जोड झाकून मारायचं. खालचा भाग धुऊन पूर्ण वाळलेला हवा, म्हणजे आदल्या दिवशी धुलाई. आणि सिलच्या व दारांच्या खालची पाणी निघायची भोकं बुजवायची नाहीत. घरी परत आल्यावर केबल टायचं टोक एकेका भोकात घालून बघा, मोकळं आहे ना. तसंही महिन्यातून एकदा हे करावं. भोक चिखलाने बंद झालं की सिल आतून पाण्याने भरतो आणि गंज बाहेर दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो.

दुसरा_गिअर

आतलं कोणी बोललं नाही. बुटांबरोबर आलेलं खारं पाणी कार्पेटखालच्या फोममध्ये मुरतं, मग सकाळी काच आतून गोठते आणि सीटखालचे वायरिंगचे जोड हिरवे पडतात. उंच कडांचे रबरी ट्रे टाका, पाणी साचलं की उचलून ओता. कापडी मॅट थंडीभर काढून ठेवा.