मदत हवी आहे: आईला दर वेळी खरं सांगायचं का? (अल्झायमर)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल.

आई ७४ वर्षांची. वाईला शाळेत गणित शिकवायची. बाबा २०१९ मध्ये गेले, दोन वर्षांनी तिला ठाण्याला आमच्याकडे आणलं. सुरुवातीला चष्मा हरवायचा, एकच गोष्ट तीनदा सांगायची, एवढंच. आत्या म्हणाली, "साठी बुद्धी नाठी, मनावर काय घेतेस!" मीही घेतलं नाही. मग गेल्या दिवाळीत, जन्मभर हाताच्या अंदाजाने चकल्या करणारी बाई भाजणी पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. पुढे काय करायचं ते सुचेना.

न्यूरोलॉजिस्टने आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासलं, कारण त्यामुळेही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. दोन्ही ठीक निघालं. एमआरआयमध्ये मेंदूतला हिपोकॅम्पस आकसलेला दिसला. ३० गुणांच्या चाचणीत आईला १७. त्यात शंभरातून सात-सात वजा करत जायचं होतं. ती ९३ वर थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. आणि परत येताना रिक्षात बाविसाचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला! डॉक्टर म्हणाले, नवी आठवण हिपोकॅम्पसच्या मदतीने रुजते आणि हा रोग बहुधा तिथेच लवकर लागतो. जुनं पाठांतर बरंच टिकतं. म्हणून रामरक्षा शाबूत आणि सकाळचे पोहे गायब. डोनेपेझिल हे औषध ५ मिग्रॅ सुरू केलंय. त्याने रोग थांबत नाही, काही काळ थोडा आधार मिळतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

खरी अडचण कातरवेळेची. दिवेलागणीला आई पिशवी भरून दाराशी बसते. "घरी जायचंय. हे येतील आणि कुलूप बघून परत जातील." मी सांगते, "आई, बाबा गेले गं." ती ते पहिल्यांदाच ऐकते. ओक्साबोक्शी रडते, "मला कळवलं का नाहीस?" म्हणून माझ्यावर चिडते. अर्ध्या तासाने पुन्हा पिशवी. एका संध्याकाळी तिला चार वेळा विधवा केलं मी. नवरा म्हणतो, खोटं सांग. पण खोटं बोललं की हातावर पट्टी मारणारी हीच ना! तुम्ही काय करता?

आणखी दोन गोष्टी. दादा न्यू जर्सीहून रोज नव्या इंजेक्शनच्या लिंक पाठवतो, त्यात कितपत तथ्य आहे? आणि बँकेच्या कामांसाठी तिच्याकडून मुखत्यारपत्र करून घेतलं तर पुरेल का?

प्रतिसाद १
ताई, सासूबाईंचं सहा वर्षं केलं. खरं-खोटं या वादात पडूच नका. तुमची आई खरं तर बाबांचा पत्ता विचारत नसते, तिला एकटं वाटत असतं. "बाबांची आठवण येतेय का? त्यांना चहा कसा लागायचा?" असं विचारा आणि बोलू द्या. अंधारून यायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, चारच्या सुमारास खायला द्या, हाताला काम द्या. आमच्याकडे मटार सोलणं चालायचं, नसले तर शेंगा. तिच्या पर्समध्ये तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि एक लक्षात ठेवा: एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर रोग वाढला असं समजून बसू नका, लघवीचा संसर्ग तपासून घ्या. आमचे दोन महिने त्यात गेले.

प्रतिसाद २
रोज पाच बदाम आणि ब्राह्मी. आमच्या ओळखीत एकांना शंभर टक्के गुण आला.

प्रतिसाद ३
इंजेक्शनबद्दल. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन काढतं, पण गेलेली स्मृती परत आणत नाही. १८ महिन्यांच्या चाचणीत, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत घसरण सुमारे २७ टक्के कमी झाली. मात्र त्यात स्मृतीच्या तपासणीत ३० पैकी २२ किंवा जास्त गुण असलेलेच रुग्ण घेतले होते. शिवाय मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून वारंवार एमआरआय. तुम्ही आईचे १७ गुण सांगितलेत, म्हणजे ती बहुधा त्यात बसणार नाही; दादांना हे शांतपणे कळवा.

मुखत्यारपत्राची समजूत सर्रास चुकीची असते. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, लिहून देणाऱ्याची समज गेली की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. नंतर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. मृत्युपत्र व्हायचं असेल तर आताच वकील गाठा. आई काय करतेय हे तिला आज समजतंय, असा डॉक्टरांचा दाखला सोबत घ्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. (बदामवाल्या दादांचेही. आई बदाम मुठीत घेते आणि कुंडीत पेरते.) काल पिशवी घेऊन बसली तेव्हा विचारलं, "बाबा तुला पहिल्यांदा कुठे दिसले गं?" तर कृष्णेचा घाट, ओली छत्री, सगळं वीस मिनिटं सांगत बसली. पिशवी मांडीवरच राहिली, पण दाराकडे गेली नाही. दादाशी बोलायचं मात्र अजून धाडस झालेलं नाही.

आता नवीन प्रश्न. चार दिवस आंघोळीला तयारच होत नाही. पाणी अंगावर घेतलं की ओरडते. कुणाला अनुभव?