खाजगी जेटचा कर तिकीटवाल्यांनी का भरायचा?

धागाकर्ता:
अमेरिकेत देशांतर्गत विमान तिकिटावर ७.५ टक्के कर लागतो, वर उड्डाणाच्या दर टप्प्यामागे ठरावीक शुल्क. हा पैसा १९७० साली उभारलेल्या विमानतळ व हवाईमार्ग निधीत जातो. हवाई नियंत्रण, रडार, धावपट्ट्या यांचा मोठा खर्च त्यातूनच निघतो. स्वतःच्या जेटने जाणाऱ्याला तिकीटच नसतं. तो भरतो फक्त इंधनावर, गॅलनला २१.८ सेंट.

हिशोब मांडून बघा. १८० प्रवासी, प्रत्येकाचं मूळ भाडं २०० डॉलर, तर नुसता टक्केवारीचा कर २,७०० डॉलर. खाजगी जेटने ५०० गॅलन जाळलं, तर १०९ डॉलर. रडारवर दोघांचा ठिपका सारखाच, उतरायच्या रांगेत जागाही एकेकच. हा सरळसरळ अन्याय आहे.

प्रतिसाद १:
तुम्ही प्रवासी मोजताय, खर्च नाही. समांतर धावपट्ट्या, सकाळ-संध्याकाळची गर्दी, ती आवरणारी माणसं, हे सगळं एअरलाइन्सच्या वेळापत्रकापायी वाढलं. खाजगी विमानं बरीचशी छोट्या विमानतळांवर उतरतात, तिथे अनेकदा कंट्रोल टॉवरही नसतो. आणि एअरलाइन्स इंधनावर गॅलनला ४.३ सेंटच भरतात, तेही सांगा की.

धागाकर्ता:
४.३ सेंटचं खरं आहे, लिहायला हवं होतं. पण तेच जेट भाड्याने घेतलं की भाड्यावर ७.५ टक्के, आणि मालक स्वतः बसला की फक्त इंधनकर. विमान तेच, मार्ग तोच. इथे खर्चात फरक कुठे पडला? युरोपात विमानाचं वजन आणि अंतर धरून हवाईमार्गाचं शुल्क लावतात, दोन टनांखालच्या विमानांना माफी असते. तसं करा.

प्रतिसाद २:
मी चार आसनी विमानावर शिकलो. ढग खाली आले की रेडिओचं बटण दाबून मदत मागायची, ही सवय हातात भिनवलेली असते. त्या मदतीचं बिल येणार असेल तर बोट बटणावर थबकतं. तेवढ्यात विमान ढगात शिरलेलं असतं. इंधनकरात हा धोका नाही, म्हणून मला तोच बरा वाटतो.

धागाकर्ता:
हे पटलं. सेवेगणिक बिल नको. मग खाजगी वापराच्या जेट इंधनाचाच दर चढवा. छोट्या पिस्टन विमानांचं पेट्रोल वेगळं असतं, त्यांना झळ लागणार नाही.

प्रतिसाद १:
रुग्ण नेणारी टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणारी) आणि फवारणीची टर्बाइन विमानंही जेट इंधनावरच चालतात.

धागाकर्ता:
त्यांना कामानुसार सूट द्या, माझी काहीच हरकत नाही. कंपनीच्या बैठकीला निघालेल्या जेटला ती कशासाठी?