केगाव–हत्तूर बाह्यवळणामुळे सोलापूर शहरातला प्रवास खरोखर किती कमी झाला?

सैफुलकर

नमस्कार. मी सोलापुरात विजापूर रस्त्यावर सैफुल परिसरात राहतो आणि नोकरीसाठी रोज दुचाकीने चिंचोळी एमआयडीसीत जातो. पत्रकार भवन, सात रस्ता, जुना पुणे नाका, बाळे असे सगळे शहर मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडावे लागते. पुणे रस्त्यावरचे केगाव आणि विजापूर रस्त्यावरचे हत्तूर यांना शहराबाहेरून जोडणारे बाह्यवळण सुरू होण्याआधी काही आठवडे आणि त्यानंतर काही आठवडे मी घरातून निघण्याची व कारखान्याच्या फाटकावर पोहोचण्याची वेळ एका वहीत लिहून ठेवली. पूर्वी साडेनऊला निघाल्यावर साधारण ५५ मिनिटे लागत. आता ५० लागतात. विजापूरकडून पुण्याकडे जाणारे ट्रेलर शहराबाहेरून जाऊ लागल्यावर किमान पंधरा मिनिटे वाचतील, अशी माझी मनापासून अपेक्षा होती.

एक फरक मात्र घरात जाणवतो. रात्री दोन-अडीचला ट्रेलर गेला की आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीची तावदाने खडखडत असत आणि आई दचकून उठत असे. ते आता जवळपास थांबले आहे. मग सकाळच्या माझ्या प्रवासात पाचच मिनिटांचा फरक का पडावा? शिवाय मी स्वतः हत्तूरपर्यंत मागे जाऊन बाह्यवळणाने गेलो, तर साधारण ४५ मिनिटांत पोहोचतो, पण अंतर बारा-तेरा किलोमीटरने वाढते. असे रोज करावे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

रस्तेबांधणी

मी रस्ते अभियंता म्हणून बरीच वर्षे वाहनगणनेचे काम केले आहे. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या तावदानांतच आहे. शहरात दिवसाच्या गर्दीच्या वेळी जड वाहनांना प्रवेशबंदी असते, त्यामुळे लांब पल्ल्याचे ट्रक पूर्वीही मुख्यतः रात्री शहर ओलांडत आणि दिवसा नाक्याबाहेर थांबून राहत. बाह्यवळणाने जी वाहतूक उचलली, तिच्यातला मोठा भाग रात्रीचा होता. साडेनऊच्या तासात उचलण्यासारखे ट्रकच थोडे होते. त्या तासाला आपल्या पुढे जे असतात, ते आपल्यासारखेच दुचाकीस्वार, रिक्षा, शाळेच्या गाड्या आणि एसटी. त्यांना शहरातच जायचे असल्यामुळे कोणतेही बाह्यवळण त्यांना बाहेर नेऊ शकत नाही.

तरीही वाचलेली पाच मिनिटे खरी आहेत आणि ती कशी वाचली हे आकड्यांत सांगता येते. वाहनगणनेत प्रत्येक वाहनाला कारच्या तुलनेत एक भार देतात. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या प्रचलित कोष्टकात कार १, दुचाकी ०.५, ट्रक किंवा बस ३ आणि ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ४.५ धरतात. उदाहरणादाखल, तासाला ४० ट्रक कमी झाले, तर १२० कार किंवा २४० दुचाकींची जागा मोकळी होते. सिग्नलवर तर भरलेला ट्रेलर रांगेत पुढे असला की तो हलेपर्यंत हिरव्या दिव्याचा बराच वेळ मागच्यांच्या हातून जातो. म्हणून माझी विनंती आहे की आपण वहीतली सरासरी बाजूला ठेवून सर्वांत वाईट दिवस पाहावेत. सरासरीपेक्षा तिथे अधिक फरक पडलेला असावा, असा माझा अंदाज आहे.

सोलापूरची खरी अडचण रेल्वेची आहे. विजापूर रस्ता रुळांच्या दक्षिणेला आणि पुणे नाका उत्तरेला असल्यामुळे मोजक्या पुलांवर व बोगद्यांवर सगळी वाहने एकवटतात. मधले रस्ते कितीही मोकळे झाले, तरी तिथून तासाला जेवढी वाहने सुटतात तेवढीच सुटणार. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन हा उड्डाणपूल भूसंपादनात इतकी वर्षे रखडला, याचे मला फार वाईट वाटते, कारण बाह्यवळण आणि तो पूल ही दोन्ही कामे एकमेकांना पूरक आहेत.

कांदा आडत

आमच्याकडे विजापूर भागातून कांदा येतो. बाह्यवळण शहराच्या पश्चिमेला आहे आणि मार्केट यार्ड हैदराबाद रस्त्यावर, म्हणजे अगदी दुसऱ्या अंगाला. त्यामुळे पुण्याला निघालेल्या गाडीला या रस्त्याचा जो लाभ होतो, तो यार्डात उतरणाऱ्या गाडीला होत नाही. तिला केगावपर्यंत वर जाऊन पुन्हा खाली यावे लागते. चालकाला डिझेलचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून वेळ मिळाली तर तो शहरातूनच येतो. डिसेंबर-जानेवारीत आवक वाढते तेव्हा यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते, आणि त्याच सुमारास उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन रस्त्यावर असतात. त्या दिवसांत पूर्वेकडूनही विजापूर रस्ता आणि हैदराबाद रस्ता जोडणारी चांगली वाट हवी, असे आम्हां व्यापाऱ्यांना फार वाटते. पुण्याच्या गाड्यांपुरते सांगायचे तर आमचे चालक पूर्वी प्रवेशबंदी उठेपर्यंत गाडी कडेला लावून झोपत. आता ते न थांबता पुढे जातात आणि माल पहाटेच्या बाजारात लागतो.

मंगळवेढा रस्ता

सर्वजण शहराच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून गावाची बाजू मांडतो. मंगळवेढा रस्त्याजवळ आमचे घर बाह्यवळणाच्या एका अंगाला आणि निम्मी शेती दुसऱ्या अंगाला गेली. अधिकृत वळण घ्यायचे तर लांब जावे लागते, म्हणून लोक दुभाजकातील छेदातून ट्रॅक्टर काढतात किंवा उलट्या दिशेने येतात. हे चुकीचे आहे हे मान्य आहे. पण शेतात दिवसातून चार फेऱ्या करणाऱ्याचा वाढलेला वेळ कोणीच मोजत नाही. ट्रॉलीसह ट्रॅक्टर पलीकडे जायला मी मोजले तेव्हा बारा सेकंद लागले. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात सुमारे २६५ मीटर पुढे येते. संध्याकाळी, ट्रॉलीला मागे लाल परावर्तक नसताना, एवढ्या अंतरावरून ती चालकाला दिसतच नाही. सैफुलकरांनी बाह्यवळणाने जायचे ठरवले तर कृपया गावांजवळ वेग कमी ठेवावा आणि अंधारात हा रस्ता टाळावा.

सैफुलकर

सर्वांचे आभार. रस्तेबांधणी यांनी सांगितल्याप्रमाणे वही पुन्हा काढली. पूर्वी सर्वांत वाईट दिवशी मला ८० मिनिटे लागली होती. बाह्यवळणानंतरचा सर्वांत वाईट दिवस ६० मिनिटांचा आहे. हाजेरी चुकू नये म्हणून मी घरातून जो अर्धा तास आधी निघत असे, तो आता दहा मिनिटांवर आणता येईल, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

बाह्यवळणाने रोज जाण्याचा हिशेबही मांडला. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर वाढले, तर माझ्या गाडीला रोज अर्धा लिटर पेट्रोल जास्त लागेल आणि फेरीमागे पाच मिनिटे वाचतील. ते परवडणारे नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शहरातली वाहतूक वळवतात, तेव्हाचे काही दिवस तेवढे सकाळी हत्तूरमार्गे जाईन आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत परतता आले तरच त्या वाटेने येईन. ट्रॅक्टरचे ते बारा सेकंद वाचल्यापासून मंगळवेढा रस्त्याजवळचा तो छेद माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी स्वतः तिथून दोनदा ऐंशीच्या वेगाने गेलो आहे.